वाळूजला नव्याने कामाला आलेल्यांसाठी: शिल्लक पैसा कुठे ठेवावा

बीड, परभणी, हिंगोली, जालना या जिल्ह्यांतील गावांतून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत कामाला येणारी मुले रांजणगाव, जोगेश्वरी किंवा बजाजनगरात खोली करतात आणि दोन-तीन पगार हाती पडले की शिल्लक कुठे गुंतवावी, अशी विचारणा करू लागतात. मीही याच वाटेने गाव सोडून येथे स्थायिक झालो आहे. माझे मत असे की, दिवस अनिश्चित असताना किती टक्के मिळतील यापेक्षा नडीच्या वेळी पैसा हाती येईल का, हे आधी पाहावे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शेती आहे. त्यामुळे कंपनीत ओव्हरटाइम बंद होऊन ठेकेदार माणसे कमी करू लागला आणि त्याच वर्षी पाऊस हुकला किंवा सोयाबीनचा भाव पडला, तर दोन्हीकडची ओढ एकाच पगारावर येते.

म्हणून सुरुवात गावाकडच्या देण्यापासून करावी. सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी घेतलेल्या पन्नास हजारांवर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये व्याज जाते. तेवढीच रक्कम बँकेत सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवली, तर वर्षाला ३,५०० रुपये मिळतात. असे देणे अंगावर असताना एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालणे) सुरू करणाऱ्यांचे मला नवल वाटते. देणे फिटल्यावर खोलीभाडे, किराणा आणि घरी पाठवायची रक्कम धरून चार महिन्यांचा, आणि ठेकेदारीवर असाल तर सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात किंवा केव्हाही मोडता येईल अशा मुदत ठेवीत बाजूला ठेवावा. बँकेत खाते असेल तर वर्षाला ४३६ रुपयांत प्रधानमंत्री जीवनज्योती (आयुर्विमा) आणि २० रुपयांत सुरक्षा विमा (अपघात विमा), दोन्ही प्रत्येकी दोन लाखांचे, लगेच घेऊन टाकावेत.

यापुढची सूचना मात्र सविस्तर देणे भाग आहे. संध्याकाळी पाळी सुटल्यावर खोलीवर पिग्मीचा (रोजच्या छोट्या बचतीचा) एजंट येतो, बहुधा तो पाहुण्यांपैकीच असतो, आणि बँकेपेक्षा चार-पाच टक्के जास्त व्याज देणाऱ्या मल्टीस्टेट (एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या) पतसंस्थेची पावती पुढे करतो. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणे आपल्याकडे जड जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही ती पावती नीट वाचावी. बँक बुडाल्यास, मग ती सहकारी का असेना, ४ फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेला, मल्टीस्टेट असो वा साधी, हे संरक्षण नाही. कार्यालयाची काच, संचालकांचे फोटो आणि सत्कार समारंभ यांवरून संस्थेच्या कर्जवसुलीचा काहीही अंदाज येत नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात अशा संस्थांची शटर बंद झाल्यावर लेकीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेल्या माणसांना पोलीस ठाण्यासमोर रांगेत उभे राहावे लागले. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आपल्या राज्यात आहे आणि त्याखाली मालमत्ता जप्तही होते, परंतु ती विकून पैसा हाती येईपर्यंत वर्षे निघून जातात.

भविष्य निर्वाह निधीकडे नव्या मुलांचे लक्ष नसते. ठेकेदार बदलला तरी बारा अंकी यूएएन (निधीचा कायमचा खाते क्रमांक) तोच ठेवावा, नवा काढू देऊ नये, आणि पगारपत्रकात कापलेली रक्कम पासबुकात खरोखर जमा होते का, हे दर दोन-तीन महिन्यांनी तपासावे. नोकरी सुटली की निधी काढून मोटारसायकल घेण्याची घाई करू नये.

शेअर बाजारात किमान सात-आठ वर्षे लागणार नाही एवढाच पैसा घालावा, तोही इंडेक्स फंडातून, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्या म्युच्युअल फंडातून. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरांचा निर्देशांक) एका दिवसात सुमारे तेरा टक्के कोसळला आणि त्याच नोव्हेंबरात जानेवारीच्या उच्चांकापुढे गेला. पण टाळेबंदीत भाडे देण्यासाठी ज्यांना मार्चमध्येच विकावे लागले, त्यांना नोव्हेंबरचा काय उपयोग? फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे पुढच्या भावावर पैज लावणाऱ्या सौद्यांच्या, टिप्स देणाऱ्या टेलिग्राम गटांपासून दूर राहावे, एवढेच पुरे.

राहिला प्लॉट. आपल्या माणसाला जागा घेतल्याशिवाय शहरात आल्यासारखे वाटत नाही, आणि शहराभोवती गुंठेवारीचे (शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले) प्लॉट बॉण्डवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर, लिहून देणारेही भरपूर आहेत. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय जागेची मालकी मिळत नाही. सातबाऱ्यावर सामाईक नावे असतील तर एका भावाची सही पुरेशी ठरत नाही, शेतजमीन असेल तर ती बिनशेती झाली आहे का ते पाहावे लागते, आणि जागेवर बँकेचा बोजा आहे का हेही बघावे लागते. आपल्या ओळखीच्या वकिलाकडून, विकणाऱ्याने सुचवलेल्या नव्हे, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या मागच्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल) काढून घ्यावा आणि तो हाती आल्यावरच टोकनची रक्कम द्यावी, तीही रोख नव्हे तर चेकने.