मुक्कामांच्या यादीवरून वंशावळ: इंग्लंडमधील रोमनी पूर्वजांच्या शोधाचा अनुभव

माझ्या सासूबाईंच्या आजीचा जन्म हॅम्पशर परगण्यातील हॉपच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणणाऱ्या फुलांच्या वेलींच्या, मळ्यात, एका तंबूत झाला, एवढेच त्यांच्या घरात सांगितले जात असे आणि तेही हलक्या आवाजात. मी मूळची सोलापूरची. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितले की वहीतून पाच-सहा पिढ्या निघतात, हे लहानपणी पाहिलेले असल्यामुळे इंग्लंडमध्येही मी गाव आणि आडनाव घेऊनच शोधाला बसले. आडनाव स्मिथ होते आणि गाव नव्हतेच, कारण ते कुटुंब रोमनी होते, म्हणजे तंबू-गाड्यांतून फिरणाऱ्या, जिप्सी म्हणूनही ओळखल्या जाणाऱ्या समाजातले.

पहिले आठ महिने मी चुकीच्या माणसांमागे घालवले. १८९१च्या जनगणनेत साउदॅम्प्टनमध्ये ‘हॉकर’, म्हणजे फेरीवाला, असा व्यवसाय लिहिलेला एक स्मिथ सापडला आणि मी त्याच्या तीन पिढ्या मांडून मोकळी झाले. नंतर कळले की ते कुटुंब चाळीस वर्षे एकाच गल्लीत राहत होते. फेरीवाला, टोपल्या विणणारा, खुर्च्यांच्या बैठका विणणारा, भांड्यांना डाग देणारा, सुऱ्यांना धार लावणारा, कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे करणारा हे सारे व्यवसाय रोमनी कुटुंबांत दिसतात हे खरे, पण ते शहरी गरिबांचेही होते. आडनावाचेही तसेच आहे. ली, बॉसवेल, स्टॅन्ली, कूपर, बकलंड, लव्हरिज ही नावे रोमनी म्हणून प्रसिद्ध असली, तरी प्रत्येक ली रोमनी नसतो. माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे मुलांची जन्मस्थळे: पाच मुले आणि पाचही निरनिराळ्या गावांत जन्मलेली असतील, तर ते घर चाकांवर होते असे मानून पुढे जायला हरकत नाही. आयरिश ट्रॅव्हलर, स्कॉटिश ट्रॅव्हलर आणि जत्रांतून खेळ दाखवणारे शोमेन हे वेगळे समाज आहेत, त्यांची सरमिसळ सुरुवातीलाच टाळावी.

वाट सापडली ती सासूबाईंच्या धाकट्या मावशींमुळे. त्यांचे वय नव्वदीपुढे आहे. मी वही उघडून त्यांच्या आईचे नाव विचारले आणि त्या गप्प झाल्या. अनेक जुन्या रोमनी घरांत मृतांची नावे उच्चारणे टाळतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. नंतर चहा करताना त्या सहज ‘पानी’ म्हणाल्या. आमच्याकडेही पाणीच म्हणतात, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी नाक, कान आणि ‘चुरी’ (आपली सुरी) हे शब्द माझ्याकडून तपासून घेतले. रोमनी ही भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे हे भाषाशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे. मात्र ‘म्हणजे हे आपले बंजाराच’ असे म्हणण्याचा आपल्या लोकांना होणारा मोह आवरावा, कारण ती माणसे भारतातून निघाली त्याला सुमारे हजार वर्षे झाली आणि एकोणिसाव्या शतकातील आजी शोधायला त्या नात्याचा काही उपयोग नाही. मला झालेला उपयोग निराळा होता. मावशी ‘अॅचिन टॅन’बद्दल, म्हणजे तळ ठोकण्याच्या जागांबद्दल, बोलू लागल्या. त्यातला ‘टॅन’ हा आपल्या ‘ठाण्या’चाच भाऊबंद आहे. ज्यांना आईचे नाव सांगवत नव्हते, त्यांनी वीस तळ क्रमाने सांगितले.

त्या यादीवरून मी वर्षाचा नकाशा केला. हिवाळ्यात शहराच्या कडेला मुक्काम, वसंतात निघणे, २० मेला विकमची घोडेजत्रा, जूनमध्ये एप्समची डर्बी ही घोड्यांची शर्यत आणि किनाऱ्याकडची स्ट्रॉबेरीची तोडणी, मग वाटाणा, आणि सप्टेंबरमध्ये ऑल्टन व फार्नमच्या परिसरात हॉपची तोडणी. प्रत्येक रोमनी कुटुंबाचा असा फेरा निराळा असतो, आणि तो कळला की कोणता कागद कुठे पाहायचा हे ठरवता येते.

जनगणनेपुरते बोलायचे तर महिना पाहणे फार महत्त्वाचे आहे. १८५१ ते १९११ या काळातील प्रत्येक जनगणना मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली, म्हणून तेव्हा कुटुंब हिवाळी मुक्कामावर किंवा नुकतेच निघालेले असण्याची शक्यता जास्त. याउलट १८४१ची मोजणी ६ जूनला आणि १९२१ची १९ जूनला झाली, तेव्हा तेच कुटुंब मळ्यात किंवा जत्रेच्या वाटेवर शोधावे लागते. १९३१ची कागदपत्रे १९४२मध्ये आगीत गेली आणि १९४१मध्ये जनगणना झालीच नाही. त्यामुळे २९ सप्टेंबर १९३९च्या राष्ट्रीय नोंदणीला मोल आहे. त्या दिवशी हॉपचा हंगाम संपत आलेला होता, हे विसरू नये. तंबू, गाडे, कोठारे आणि उघड्यावर झोपलेली माणसे यांच्या नोंदी पुष्कळदा गणकाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर असतात. नावाने शोधणाऱ्या संगणकाला ती पाने धड वाचता येत नाहीत, म्हणून ती स्वतः उलटावीत.

जन्मनोंदणी इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७पासून सुरू झाली, पण ती न केल्याबद्दलचा दंड १८७५पासून लागू झाला, त्यामुळे आधीच्या अनेक मुलांचा दाखला मिळतच नाही. तिथे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या कामी येतात. मी विंचेस्टरच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये बसून फेऱ्यावरील एकेका पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या नोंदी पानोपान वाचल्या, सूचीवर विसंबले नाही. ‘ट्रॅव्हलर’, ‘स्ट्रेंजर’, ‘ठरावीक निवास नाही’ असे शेरे शोधावेत. फार जुन्या वहीत ‘इजिप्शियन’ असेही आढळते, कारण हे लोक इजिप्तहून आले असा समज होता आणि १५३०चा त्यांच्याविरुद्धचा कायदाही त्याच नावाने झाला. जिप्सी हा शब्द त्यातूनच आला. कोणाला तो आपला वाटतो, कोणाला शिवी वाटते. समोरचा जो वापरील तोच आपण वापरावा.

पाद्री कानावर पडेल तसे लिहीत असे आणि सांगणाऱ्याला पुष्कळदा अक्षरओळख नसे. म्हणून सिन्फी, मिझेली, लेमेंटिना अशी नावे मोठ्याने म्हणून पाहावीत आणि इंग्रज कानाला ती कशी ऐकू आली असतील याचा अंदाज करावा. (माझ्या स्वतःच्या आडनावाची इथल्या पत्रांवर आजवर सहा रूपे झाली आहेत, त्यामुळे मला त्या पाद्र्यांचा राग येत नाही.) मूल कधी बापाचे, कधी आईचे आडनाव लावते, हेही गृहीत धरावे.

सर्वांत भरघोस माहिती मात्र मला न्यायालयाच्या बातम्यांत मिळाली. १८३५च्या महामार्ग कायद्याने रस्त्याकडेला तळ ठोकणाऱ्या जिप्सींना चाळीस शिलिंगांपर्यंत दंड होत असे, आणि स्थानिक वृत्तपत्रात भाऊ, मेव्हणे, चुलते यांची नावे एकाच ओळीत छापली जात. जनगणनेने दहा वर्षांतून एकदा न सांगितलेले नाते पोलिसाने एका सकाळीत सांगून टाकलेले असते. १८७१च्या पेडलर कायद्यापासून फेरीवाल्यांना पोलिसांकडून परवाना घ्यावा लागे. त्याच १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आला. त्या कायद्याखाली जमातींना डांबून ठेवलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाच्या गोष्टी ऐकत वाढल्यामुळे ते दोन आकडे एकाच वहीत लिहिताना माझा हात थोडा थबकला. १९०८च्या बालक कायद्याने फिरत्या कुटुंबांतील मुलांनी ऑक्टोबर ते मार्च या काळात दोनशे हजेऱ्या भरणे आवश्यक केले, म्हणून हिवाळी मुक्कामाजवळच्या शाळांच्या प्रवेशवह्याही पाहाव्यात.

तयार वंशावळी हव्या असतील तर लिव्हरपूल विद्यापीठात जिप्सी लोर सोसायटीचा संग्रह आहे. ही संस्था १८८८ची. तिच्या अभ्यासकांनी तळातळांवर जाऊन टिपणे केली, पण त्यांतील काहींना ‘शुद्ध रक्ता’चे भलतेच वेड होते, तेव्हा त्यांच्या नोंदी दाखल्यांशी ताडून पाहाव्यात. १९९४मध्ये स्थापन झालेली रोमनी अँड ट्रॅव्हलर फॅमिली हिस्टरी सोसायटी ही नवख्यांसाठी अधिक जवळची.

अखेर ऑल्टनजवळच्या एका पॅरिशमध्ये, १८९३च्या सप्टेंबरात, एकाच दिवशी बाप्तिस्मा झालेली तीन भावंडे सापडली. त्यांतली सर्वांत धाकटी म्हणजे सासूबाईंची आजी, आईचे आडनाव लावलेली. मी ती नोंद मावशींना वाचून दाखवली. जन्मस्थळाचे नाव येताच त्यांनी मान हलवली. तळ ओढ्याच्या पलीकडे होता, अलीकडे पोलीस थांबू देत नसत, असे त्या म्हणाल्या. ओढ्यापलीकडे दुसरी पॅरिश लागते, आणि सध्या मी तिची वही वाचते आहे.