दोन सायकलींनंतरचा पेट स्कॅन: घरून निघण्याआधी

हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोच्या दोन सायकली, म्हणजे चार डोस झाले की बहुतेक ठिकाणी मधला पेट स्कॅन सांगतात. साखर खाणाऱ्या पेशी या स्कॅनवर उजळून दिसतात. तोवर मानेतली गाठ हाताला लागेनाशी झालेली असते, तापही गेलेला असतो. मग एवढा खर्च पुन्हा कशाला, असं घरच्यांना वाटतं. कारण एवढंच, की पुढचे चार महिने कोणतं औषध द्यायचं ते यावर ठरतं. इटली आणि डेन्मार्कमधल्या २६० रुग्णांचा एक अभ्यास २००७ साली आला. त्यात दोन सायकलींनंतरचा स्कॅन स्वच्छ असलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के दोन वर्षांनंतरही आजार न उलटता होते, तर स्कॅन उजळलेल्यांत जेमतेम १३ टक्के. पण हा आकडा उपचार तोच ठेवल्यावरचा आहे. २०१६ च्या राथल चाचणीत अशा रुग्णांना लगेच जास्त कडक केमो दिली आणि तीन वर्षांनी ६७.५ टक्के जण ठीक होते. ज्यांचा स्कॅन स्वच्छ आला, त्यांच्यातल्या निम्म्यांचं एबीव्हीडीतलं फुप्फुसाला त्रास देणारं ब्लिओमायसिन बंद केलं. तीन वर्षांनी त्यांच्यातले ८४.४ टक्के ठीक होते, चालू ठेवलेल्यांतले ८५.७. एवढं ज्याच्यावर अवलंबून आहे, तो स्कॅन कच्च्या तयारीने बिघडवू नये.

आधी तारीख. मधला स्कॅन पुढच्या सायकलच्या जितका जवळ घेता येईल तितका बरा, घाईने लवकर उरकू नका. पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं घेतली असतील तर सगळी अस्थिमज्जा उजळते. शेवटचं कधी घेतलं ती तारीख लिहून न्या. सगळा उपचार संपल्यानंतरच्या स्कॅनचा हिशेब वेगळा: केमोनंतर निदान तीन आठवडे, जमल्यास सहा ते आठ, आणि रेडिएशन झालं असेल तर तीन महिने.

फाइलसोबत पहिल्या स्कॅनची सीडी हवीच. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, डॉक्टरांना जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून बघायची असतात. शक्य असेल तर त्याच सेंटरला, त्याच मशीनवर जा. पाच-दहा टक्के सवलतीसाठी सेंटर बदलणं मला पटत नाही.

आदल्या दिवशी जिम नाही, धावपळ नाही, जड सामान उचलणं नाही. स्कॅनआधी सहा तास पोटात साध्या पाण्याशिवाय काही नको. चहा नाही, शहाळं नाही, तोंडात टाकायची बडीशेपही नाही. ‘उपवासाचं चालेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. साबुदाणा, रताळं, केळं काहीच चालत नाही. जे औषध टोचतात ते साखरेसारखंच असतं. खाल्लं की इन्सुलिन वाढतं, स्नायू ते औषध ओढून घेतात आणि गाठीच्या वाट्याला कमी येतं. मधुमेह असेल तर सेंटरला आधीच फोन करा. साखर साधारण २०० च्या आत लागते. मेटफॉर्मिनने आतडी उजळतात, पण ते स्वतःच्या मनाने बंद करू नका. इन्सुलिन कधी घ्यायचं तेही विचारूनच ठरवा. नेहमीच्या बाकीच्या गोळ्या पाण्याबरोबर चालतात.

अंगावर ऊब ठेवा. हे सगळ्यात दुर्लक्षित राहतं. थंडी वाजली की मान आणि गळपट्टीच्या हाडाजवळची तपकिरी चरबी उष्णता तयार करायला साखर जाळते आणि स्कॅनवर उजळते, म्हणजे नेमकी जिथे हॉजकिनच्या गाठी असतात तिथेच. डिसेंबरात सकाळी दुचाकीवरून येऊ नका. स्वेटर, शाल, मोजे बरोबर घ्या, कारण इंजेक्शननंतर तासभर एसीच्या खोलीत गप्प पडून राहायचं असतं. तेव्हा मोबाइलवर बोलणंही टाळायचं. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं घरीच काढून ठेवा.

सर्दी-ताप, दुखरी दाढ, दंडावर नुकतीच घेतलेली लस, जुना किंवा चालू टीबी, सगळं न विचारता सांगा. पेट कॅन्सर ओळखत नाही, साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो, आणि आपल्याकडे टीबीच्या गाठी अगदी तशाच चमकतात. गरोदरपणाची शक्यता असेल, अंगावर पाजत असाल तर तेही आधी बोला. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारं औषध) देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट लागतो.

वेळ पाळा. टोचायच्या त्या औषधातल्या, म्हणजे एफडीजीतल्या, फ्लोरिन-१८ या किरणोत्सारी घटकाची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. लोकल चुकली म्हणून दोन तास उशिरा पोचलात तर तुमच्या नावाचा डोस अर्धाही उरलेला नसतो. स्कॅननंतर भरपूर पाणी प्या आणि तो दिवस लहान मुलांना मांडीवर घेऊ नका.

रिपोर्ट आला की डोविल स्कोअर, म्हणजे गाठीच्या चमकेला दिलेला १ ते ५ मधला आकडा, शोधा, लिहिलेला नसेल तर मागून घ्या. १ ते ३ म्हणजे गाठीची चमक यकृतापेक्षा जास्त नाही, ४ आणि ५ म्हणजे जास्त. ३ पाहून रात्रीची झोप घालवू नका, राथलमध्येही ३ ला स्वच्छच धरलं होतं. ४ किंवा ५ आला तर कडक केमो सुरू करण्याआधी हे इन्फेक्शन असू शकतं का, बायोप्सी करायची का, हे विचारा. स्वच्छ स्कॅनवर जेवढा विश्वास टाकता येतो तेवढा उजळलेल्यावर टाकता येत नाही. आणि तुमचा आजार हॉजकिन नसून डीएलबीसीएल हा दुसऱ्या प्रकारचा लिम्फोमा असेल तर वरचे आकडे तुमचे नाहीत. तिथे मधल्या स्कॅनवरून केमो बदलून फायदा झाल्याचं जर्मनीच्या पेटल चाचणीत दिसलं नाही.