मेल कुठे अडकला? हेडर बघा

हिंजवडी-खराडीकडे मेल सपोर्टची पहिली नोकरी धरलेल्यांना लवकरच भेटणारं तिकीट (नोंदवलेली तक्रार) म्हणजे 'सकाळी पाठवलेला मेल दुपारी का मिळाला?' मी मगरपट्ट्यात लागलो तेव्हा आमचे सीनियर एवढंच म्हणायचे, "आधी फुल हेडर मागव, मग बोल." हेडर म्हणजे मेलच्या मजकुरावर असलेल्या, एरवी न दिसणाऱ्या प्रवासाच्या नोंदी. आता नव्या मुलांना मी तेच ऐकवतो. स्क्रीनशॉट चालत नाही.

मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो, तो प्रत्येक सर्व्हर हेडरच्या सगळ्यात वर आपली 'रिसीव्ह्ड' ओळ चढवतो: कोणाकडून घेतला, कोणी घेतला, आयडी काय, किती वाजता. मेल पाठवण्याच्या नियमांच्या, म्हणजे एसएमटीपीच्या, १९८२ च्या मानकापासून हे असंच चाललंय. त्यामुळे प्रवास खालून वर वाचायचा.

वेळ ताडताना शेवटचा आकडा, म्हणजे यूटीसीपासूनचा तास-मिनिटांचा फरक, सोडू नका. एका ओळीत १०:०२:११ +०५३० आणि वरच्या ओळीत आदल्या तारखेचे २१:३२:१४ -०७०० दिसले, तर फरक फक्त तीन सेकंदांचा आहे. कधी फरक उणेसुद्धा येतो. तिथे एखाद्या सर्व्हरचं घड्याळ चुकलेलं असतं.

दोन ओळींत तीन तासांचं अंतर सापडलं, तरी कारण हेडर सांगत नाही. समोरच्या सर्व्हरने ४५१ हा तात्पुरत्या नकाराचा कोड देऊन 'नंतर या' म्हटलं असेल, किंवा पाठवणाऱ्याची रांगच तुंबली असेल. खालच्या ओळीतला आयडी घ्या आणि त्या सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधा. पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं एक सॉफ्टवेअर) असेल तर कोणत्या रिलेने, म्हणजे पुढच्या सर्व्हरने, काय उत्तर दिलं, ते तिथे अक्षरशः लिहिलेलं असतं.

विश्वासाची दिशा मात्र उलटी, वरून खाली. 'रिसीव्ह्ड' ओळीतल्या 'फ्रॉम'पुढचं नाव पाठवणाऱ्या सर्व्हरने स्वतः सांगितलेलं असतं. त्याला काय, तो काहीही सांगेल. कंसातला आयपी पत्ता घेणाऱ्या सर्व्हरने स्वतः पाहिलेला असतो. आपल्या सर्व्हरने बाहेरून मेल घेतला त्या ओळीपर्यंत सगळं खरं धरा. त्याखालच्या ओळी बनावट असू शकतात, आणि फसव्या मेलमध्ये बऱ्याचदा असतातच. कोणत्या ओळीपर्यंत विश्वास ठेवायचा, हा एक प्रश्न इंटरव्ह्यूत मी हमखास विचारतो. एसपीएफ, डीकेआयएम (पाठवणाऱ्या डोमेनची खातरजमा करायच्या पद्धती) घडाघडा सांगणारी मुलंही इथे अडखळतात.

या ओळींचा आणखी एक उपयोग आहे. दोन मेलबॉक्स एकमेकांना फॉरवर्ड करत बसले, तर सर्व्हर 'रिसीव्ह्ड' ओळी मोजून मेल परत पाठवतो. पोस्टफिक्समध्ये ही मर्यादा मुळात ५० असते.

सरावासाठी जुन्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक) घ्या, दोन्हींवर पोस्टफिक्स टाका. घरच्या ब्रॉडबँडवर बाहेर जाणारं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट) बहुधा बंद असतं, म्हणून आपसातच मेल पाठवा. मग मुद्दाम एकीचा मेल दुसरीकडे आणि दुसरीचा पहिलीकडे वळवा, आणि परत आलेल्या मेलचं हेडर शांतपणे वाचा.