दोन खोल्यांच्या फरश्यांचा सांधा: पातळी वेगळी असेल तर काय करावे

हॉलमध्ये जुनी मोझेक, बेडरूममध्ये नवी व्हिट्रिफाइड टाइल. अनेक घरांत असे दुरुस्तीचे काम टप्प्याटप्प्याने होते. मग दाराशी एक-दीड सेंटिमीटरचा उठाव तयार होतो. मोठी पायरी डोळ्यांना दिसते आणि पाय आपोआप उचलला जातो. हा बारका उठाव मात्र दिसत नाही, आणि घरातली वयस्कर माणसे नेमकी तिथेच अडखळतात. म्हणून सांध्याचा निर्णय टाइल बसवण्याआधी घ्यावा.

आधी हिशेब करा. जुन्या फरशीवर ९ मिमीची टाइल आणि ४ मिमी अ‍ॅडहेसिव्ह म्हणजे पातळी १३ मिमीने वर जाणार. लॅमिनेटची वुडन फ्लोअरिंग ८ मिमीची असली तर खालच्या फोमसह साधारण १० मिमी. पाणसळ लावून दाराच्या दोन्ही कडांना माप घ्या. जुनी फरशी एका बाजूला खचलेली असू शकते.

आता सांध्याची जागा ठरवा. बंद दाराच्या बरोबर खाली सांधा आला, तर कुठल्याही खोलीतून दुसरी फरशी डोकावत नाही.

फरक २-३ मिमीचा असेल तर वरच्या टाइलची कड घासून गोल करणे पुरेसे आहे. १० ते १५ मिमीसाठी मला उतरती ग्रॅनाइट पट्टी सर्वांत भरवशाची वाटते. चौकटीतली जुनी फरशी पट्टीच्या रुंदीएवढी ग्राइंडरने सरळ कापा आणि छिन्नीने काढा. खड्डा साफ करून ओला करा. मग पट्टीची एक कड हॉलच्या पातळीला, दुसरी बेडरूमच्या पातळीला येईल असा मसाला भरा. १३ मिमीच्या फरकाला १२५ मिमी रुंद पट्टी घेतली की उतार सौम्य होतो, चाकाची खुर्चीही सहज जाते. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटच्या उतारावर पाय घसरतो, तेव्हा लेदर फिनिशच (चकाकी नसलेला, किंचित खडबडीत) मागा. पट्टीखाली पोकळी राहू देऊ नका. पोकळ पट्टी पुढे तडकते. बसवल्यावर निदान दिवसभर तिच्यावर पाय पडू देऊ नका.

तोडफोड नको असेल तर अ‍ॅल्युमिनियमची रिड्यूसर पट्टी (दोन पातळ्या जोडणारी तयार उतरती पट्टी) स्क्रूने बसवता येते. काम तासाभराचे, पण स्क्रू सैल होतात. अधूनमधून ते आवळावे लागतात.

लॅमिनेटचा सांधा वेगळा. पावसाळी दमटपणात लॅमिनेट फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून टाइल आणि लॅमिनेटमध्ये ८ ते १० मिमी फट सोडा आणि तिच्यावर पट्टी बसवा. स्क्रू खालच्या पक्क्या जमिनीत गेला पाहिजे, लॅमिनेटमध्ये नाही. नाहीतर फळ्या मधूनच उचलल्या जातात. ही फट सिमेंटने कधीही भरू नका. फळ्यांना सरकायला जागा उरत नाही.

बाथरूमच्या दाराशी मात्र उतार करून पातळी मिळवायच्या मोहात पडू नका. तिथे उंबरा हवाच, कारण पाणी बाहेर येता कामा नये. त्या उंबऱ्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर सलग गेला आहे का, हे गवंड्याला विचारून स्वतः पाहून घ्या.

राहिले दार. बेडरूमची पातळी वर आली की आत उघडणारे दार अडते. टाइल लावण्याआधीच ते उतरवा, नवी उंची आणि २-३ मिमी मोकळीक धरून सुताराकडून खालून रंधून घ्या.