बऱ्हाणपूर एका दिवसात: खासगी गाईड कसा शोधावा आणि दिवस कसा लावावा

जळगाव-भुसावळकडच्या माणसाला बऱ्हाणपूर म्हटलं की आधी मावा जिलेबी आठवते, मग दराबा, मग तिकडे दिलेली एखादी आत्या. खान्देशची राजधानी हीच होती, हे मात्र मुद्दाम सांगावं लागतं. थाळनेरला बस्तान असलेल्या फारुकी घराण्याने तापीच्या उत्तर काठावर हे शहर वसवलं आणि दोनशे वर्षं इथून राज्य केलं. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, खान्देश मोगलांचा सुभा झाला, आणि पुढे दक्षिणेतल्या मोहिमांचं मोठं ठाणं बऱ्हाणपूरच राहिलं. आज गाव मध्य प्रदेशात आहे, एवढ्यावरून आपण त्याला परकं करून टाकलंय.

भुसावळहून रेल्वेने साधारण तासाभराचा रस्ता. सावदा-रावेर मार्गे गाडीने गेलात तर दोन्ही बाजूंना केळीच केळी. पण तिथे उतरल्यावर नुसतं भटकून फारसं हाती लागत नाही. वास्तू विखुरलेल्या, गल्ल्या अरुंद, फलक त्रोटक. एखाद्या मकबऱ्याला कुलूप असतं आणि किल्ली चौकीदाराकडे. तो चौकीदार या वेळी कुठल्या टपरीवर सापडेल हे माहीत असलेला माणूस सोबत असला की निम्मं काम झालं. खासगी गाईड घ्यायचा तो यासाठी.

वार आणि महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात हा पट्टा कसा भाजतो ते खान्देशी माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात तापी फुगली की घाटांवर उतरणं धोक्याचं. शुक्रवार शक्यतो टाळा, कारण त्या दुपारी जामा मशिदीत मोठी नमाज असते आणि पाहुण्यांनी कोपरे न्याहाळत फिरणं शोभत नाही.

गाडी वेगळी, माणूस वेगळा

‘गाडी प्लस गाईड’ असं एकत्र विकणारे पुष्कळ भेटतात. त्यातला गाईड बहुतेक वेळा गाडीचा चालकच असतो. माणूस सज्जन असतो, रस्ते त्याला पाठ असतात, पण ‘ये मुमताज का हमाम है’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. म्हणून दोन्हींची विचारणा वेगवेगळी करा. गाडी कुठूनही मिळेल. माणसावर मेहनत घ्या.

इथे आग्र्यासारखी गाईडांची झुंबड नसते, हे एका अर्थी बरंच आहे. पर्यटन विकास महामंडळाचं ‘ताप्ती रिट्रीट’ हॉटेल गावात आहे, तिथे चौकशी करता येते. पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला कुणी असेल तर उत्तम. नसेल तर स्थानिक कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्यांकडे विचारा. शहराच्या इतिहासाचं वेड असलेली मंडळी त्यांना ठाऊक असतात. ओळखपत्र नसलेला पण वेडा माणूस, हा ओळखपत्र असलेल्या कंटाळलेल्या माणसापेक्षा केव्हाही चांगला. फक्त असा जाणकार पैशाचं स्वतःहून बोलत नाही, तेव्हा मानधनाचं आपणच काढायचं.

फोनवर दोन-तीन प्रश्न विचारून बघा:

– जामा मशिदीतला संस्कृत लेख नेमका कुठे आहे?
– कुंडी भंडाऱ्याची (जमिनीखालच्या जुन्या पाणीव्यवस्थेची) लिफ्ट सध्या चालू आहे का?
– खरबुजा घुमट आतून बघायला मिळेल का, किल्ली कुणाकडे असते?

‘दादा, आ जाओ, सब दिखा देंगे’ असं उत्तर आलं की नम्रपणे फोन ठेवा. ‘लिफ्टचं आदल्या दिवशी विचारून सांगतो’ म्हणणारा माणूस आपला. भाषेचंही तेव्हाच बोलून घ्या. बऱ्हाणपुरात मराठी बोलणारे भरपूर आहेत. घरात आजी-आजोबा बरोबर असतील तर मराठीत सांगणारा गाईड सोन्यासारखा.

पैशाचं आधी

दर मोसमावर आणि माणसावर ठरतो, म्हणून आकडा देत नाही. पण चार गोष्टी आधी स्पष्ट हव्यात: मानधन पूर्ण दिवसाचं की अर्ध्या दिवसाचं, ते माणशी की अख्ख्या कुटुंबाचं, तिकिटं आणि चौकीदारांचं चहापाणी त्यात धरलंय का, आणि कुठल्या दुकानात नेण्याचा बेत आहे का. शेवटचा प्रश्न हसत विचारायचा, पण विचारायचाच. दुपारचं जेवण गाईडला आपल्याबरोबर द्यावं. पंगतीत माणूस जे बोलतो ते किल्ल्यात बोलत नाही.

जळगावहून भाड्याची गाडी नेत असाल तर तिचं मध्य प्रदेशचं परमिट आहे का, आणि त्याचा खर्च कुणाचा, हेही निघण्याआधी. सीमेवर उभं राहून हा वाद घालण्यात सकाळ जाते.

काय वगळायचं ते गाईडला सांगा

यादी मोठी आहे आणि सगळी एका दिवसात बसवण्याचा मोह गाईडलाही असतो. असीरगड त्याच दिवशी नको, असं सुरुवातीलाच सांगून टाका. गड वीसेक किलोमीटरवर आहे, चढउतार धरून अर्धा दिवस खातो. त्याऐवजी त्याला एक धागा द्या. उदाहरणार्थ: ‘आम्हाला १६३० ते १६३२ ही वर्षं समजून घ्यायचीत.’ शाहजहान तेव्हा निजामशाहीवरच्या मोहिमेसाठी इथे तळ देऊन होता, मुमताज इथेच गेली, आणि बाहेर गुजरात-दख्खनवर भीषण दुष्काळ पसरला होता. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडल्याच्या नोंदी आहेत. तुकोबांची पहिली बायको ज्या दुष्काळात गेली, तो हाच. असा धागा दिला की जाणकार गाईड खुलतो आणि पाठ केलेली कॅसेट बंद होते. कुणाला पाणीव्यवस्था हवी असेल, कुणाला मराठ्यांच्या स्वाऱ्या. १६८१ च्या सुरुवातीला हंबीरराव मोहित्यांनी बऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला होता, तो भाग आज कुठे येतो हे विचारता येतं.

सकाळ: किल्ला आणि जामा मशीद

शाही किल्ल्यापासून सुरुवात करा. तापीच्या काठावर तो मजल्यांनी उभा आहे, बराचसा पडलेला. आत बघण्यासारखं मुख्य म्हणजे हमाम, शाही स्नानगृह. छतावरची रंगीत नक्षी काही ठिकाणी अजून टिकून आहे. मोबाइलची बॅटरी लावून खालून थेट उजेड मारू नका, बाजूने तिरका टाका. नक्षीच्या कडा तेव्हाच उठून दिसतात. गाईड एका चित्राकडे बोट दाखवून ‘ताजमहालाचा पहिला नकाशा हाच’ म्हणेल. ऐकून घ्यावं. गच्चीवरून पलीकडचा काठ दिसतो, तो जैनाबाद. मुमताजला १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मरण आलं आणि तिचं पहिलं दफन त्या काठावर, आहुखान्याच्या बागेत झालं. सहाएक महिन्यांनी शव आग्र्याला नेलं. ही गोष्ट किल्ल्याच्या काठावर उभं राहून ऐकावी, कारण नदी मध्ये असल्याशिवाय ती नीट समजत नाही.

तिथून जामा मशीद, गावाच्या गजबजाटात. दुपारच्या नमाजाच्या आत पोचा. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, डोक्यावर रुमाल किंवा ओढणी, चपला हातात. मशीद फारुकी सुलतान राजा अली खानाने बांधली. आतल्या भिंतीवर उत्तरेच्या टोकाला अरबी लेखाच्या सोबतीने संस्कृत लेख कोरलेला आहे. सुरुवात सृष्टिकर्त्याला नमन करून, मग फारुकींची वंशावळ, मग काळ: संवत १६४६, शके १५११. इस्लामी प्रार्थनास्थळात शालिवाहन शक! इथे घाई करू नका. गाईडला म्हणा, ‘एकेक अक्षर बोटाने दाखवा.’ देवनागरी वाचणाऱ्याला यातले काही शब्द स्वतः लागतात, आणि ते लागले की मुलंसुद्धा भिंतीला नाक लावून उभी राहतात. याच मशिदीत असीरगड जिंकल्यावर अकबराने कोरवलेला लेखही आहे. बांधणाऱ्याचा आणि जिंकणाऱ्याचा लेख एकाच इमारतीत, मध्ये जेमतेम बारा वर्षं. राजा अली खान स्वतः मोगलांच्या बाजूने लढताना १५९७ मध्ये सोनपेठच्या लढाईत पडला होता. त्याच्या मुलाकडून अकबराने राज्य घेतलं.

दुपार जमिनीखाली

ऊन चढलं की कुंडी भंडारा. स्टेशनकडे, लालबागेच्या बाजूला. लोक याला खुनी भंडाराही म्हणतात, मुलांनी घाबरायचं कारण नाही. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी अडवून, बोगद्यातून, कुठल्याही रहाटाशिवाय, निव्वळ उतारावर शहरापर्यंत आणण्याची ही व्यवस्था १६१५ च्या सुमाराची. सुभेदार तेव्हा अब्दुल रहीम खानखाना, दोहे लिहिणारे तेच रहीम. तंत्र इराणी कनातींचं, म्हणजे जमिनीखालच्या पाणीबोगद्यांचं. जमिनीवर एका रांगेत विहिरींच्या कठड्यांसारखी कुंड्यांची तोंडं दिसतात आणि खाली ती सगळी एका बोगद्याने जोडलेली आहेत. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत हिचं नाव गेलं.

लिफ्ट चालू असेल तर सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येतं. खाली गुडघ्याच्या आसपास पाणी, भिंतींवर क्षारांचा पांढरा जाड थर, आणि वर बघितलं तर कुंडीच्या तोंडाएवढं आभाळ. पँट दुमडता येईल अशी घाला, पायात पट्ट्याची चप्पल. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी, दम्याच्या रुग्णांनी वरच थांबावं; वरूनही पुष्कळ समजतं. लिफ्ट बंद असेल तर गाईडला सांगून कुंड्यांच्या रांगेने थोडं चालत जा. उताराची दिशा डोळ्यांना दिसली की सगळी युक्ती उलगडते. कुणी ‘दोरीने उतरवतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

जेवण याच्या आधी किंवा नंतर, पण हलकं. मोठ्या उलट्या कढईवर भाजलेले मांडे, म्हणजे मोठ्या पातळ रोट्या, इथे अजून होतात. आपल्याकडच्या पुरणाच्या मांड्यांशी गल्लत करू नका.

उतरतं ऊन

दुपारनंतर दोन मकबरे. उतावळी नदीच्या काठी खानखानाचा मुलगा शाहनवाज खान याचा, काळ्या दगडातला, लोक ‘काला ताज’ म्हणतात. आणि शाहजहानचा मुलगा शाह शुजा याच्या बेगमेचा, घुमटाला खरबुजासारख्या फाका असलेला, तोच खरबुजा घुमट. बाहेरून तो लहानसाच वाटतो. आत भिंतभर रंगीत फुलं आहेत. किल्लीचा प्रश्न फोनवर सोडवला असेल तर इथे पाच मिनिटांत दार उघडतं.

दाऊदी बोहऱ्यांचा दरगाह-ए-हकीमी आणि गुरू गोविंदसिंगांच्या १७०८ मधल्या मुक्कामाची आठवण सांगणारा बडी संगत गुरुद्वारा, दोन्ही चालती श्रद्धास्थानं आहेत. वेळ उरला तर जा. फोटो विचारूनच.

सूर्य कलताना मात्र मिर्झाराजे जयसिंगांची छत्री गाठा, तापी-मोहना संगमावर, गावाबाहेर. पुरंदरचा तह करवून घेणारा हा सेनापती विजापूरच्या मोहिमेत अपयश घेऊन परतताना १६६७ मध्ये बऱ्हाणपुरात वारला. शाळेत पुरंदरच्या तहानंतर जयसिंगांचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. ते इथे कळतं.

ऐकताना चाळणी हवी

चांगल्या गाईडकडेही दंतकथा असतातच. इथल्या मातीला वाळवी लागते म्हणून ताजमहाल आग्र्याला गेला. असीरगडावर अश्वत्थामा पहाटे महादेवाला फूल वाहून जातो. अडवू नका, खोडून काढू नका. फक्त एवढं विचारा: ‘दादा, हे लिहिलेलं आहे की सांगितलेलं?’ प्रामाणिक माणूस लगेच वेगळं करून सांगतो, आणि दोन्ही तितक्याच चवीने सांगतो.

निघताना

हिशेब छत्रीपाशीच, गाडीत बसण्याआधी, ठरल्याप्रमाणे पूर्ण. काम आवडलं असेल तर वर काही द्या आणि कुणाला सुचवायला त्यांचा नंबर चालेल का ते विचारून घ्या. दराबा बांधून घेता येतो, टिकतो. मावा जिलेबी दुकानासमोर उभं राहून गरमच खा, घरी नेऊन तिची मजा जाते. रात्री बऱ्हाणपुरात मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी पहाटे निघून असीरगड करा. गाईड तोच ठेवा, पाणी भरपूर घ्या आणि ऊन तापायच्या आत खाली उतरा.