तोरणमाळच्या शिबिरात कार्यकर्ता म्हणून जाताना कॅमेऱ्याची तयारी

हिवाळी शिबिरात कार्यकर्ता म्हणून सातपुड्यातल्या तोरणमाळला जाणार असाल आणि कॅमेरा सोबत घेणार असाल, तर बॅग भरण्याआधी वेळेचा हिशेब मांडा. मुलांना उठवणं, हजेरी, नाश्त्याची पंगत, दुपारचा स्वयंपाक, रात्रीची राखण, यातून आपल्या वाट्याला उरतो तो उजाडतानाचा अर्धा-पाऊण तास आणि मुलं जेवून आडवी झाली की थोडा. शिबिरप्रमुखांकडून कामाच्या पाळ्या आधीच लिहून घ्या. सकाळच्या चहाची पाळी कुणाला देता आली तर त्या बदल्यात रात्रीची भांडी आनंदाने घ्या. पाळी सोडून कॅमेरा घेऊन गायब होणारा कार्यकर्ता मात्र कुणालाच नको असतो, आणि ते बरोबरच आहे.

वेळ एवढाच असल्याने सामानही थोडंच न्या. पक्ष्यांसाठी तीनशे मिलिमीटरपर्यंत जाणारी एक लेन्स आणि दऱ्यांसाठी कॅमेऱ्याबरोबर येते ती छोटी लेन्स पुरे. ट्रायपॉड घरीच राहू द्या. त्याऐवजी जाड कापडाची चेनवाली रिकामी पिशवी शिवून घ्या आणि वर पोहोचल्यावर कोठीतून मागून तिच्यात दोन-तीन किलो दादर, म्हणजे इकडची रब्बी ज्वारी, भरा. दगडावर, कठड्यावर, जीपच्या खिडकीवर ही पिशवी टाकून लेन्स टेकवली की हात हलत नाही, आणि शहाद्यापासून घाट चढताना ओझंही होत नाही. लेन्स शक्यतो खोलीतच बदला, कारण त्या दिवसांत वाटांवर बारीक धूळ असते. फुंकणी आणि मऊ कापड वरच्या कप्प्यात असू द्या.

थंडीची तयारी अंगाची तशीच कॅमेऱ्याचीही करावी लागते. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, पहाटे बोटं बधिर होतात आणि बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते. जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. बाहेरून गारठलेला कॅमेरा तसाच चुलीजवळ नेलात तर भाताच्या वाफेने काचेवर दव धरतं. बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास आतच राहू द्या, मग उघडा. रात्री विजेचा भरवसा धरू नका. पॉवर बँक आणि एक्स्टेंशन बोर्ड घरूनच न्या.

आता रानपिंगळ्याबद्दल, म्हणजे इथल्या जंगलातल्या छोट्या घुबडाबद्दल, कारण या भागात कॅमेरा घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या मनात तोच असतो, माझ्याही असतो. १८८४ सालच्या नमुन्यानंतर हा पक्षी कुणाला मिळाला नव्हता, तो संपला असंच धरलं गेलं होतं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. आपल्या खानदेशातल्या सागाच्या जंगलात. नेहमीच्या ठिपकेवाल्या पिंगळ्यापासून तो वेगळा कसा ओळखायचा, हे जाण्याआधी चित्रं पाहून पाठ करा: डोक्यावर ठिपके फारच पुसट, गळ्याखाली गडद पट्टा, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पट्टे आणि पायांवर दाट पांढरी पिसं. तो दिवसाही शिकार करतो. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकन इकडून तिकडे हलवतो. त्या हालचालीवर नजर ठेवा, पक्षी आपोआप सापडतो. वाळलेल्या सागाच्या पानांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो, म्हणून चालत फिरण्यापेक्षा एका जागी बसा. शटरचा वेग पाचशेवर (सेकंदाचा पाचशेवा भाग) ठेवा, उजेड कमी असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, बिनधास्त वाढवा. थोडा दाणेदार पण स्पष्ट फोटो हललेल्या धूसर फोटोपेक्षा कितीतरी चांगला.

दिसला तरी मोबाइलवर त्याची हाक वाजवायची नाही. हद्दीत दुसरा आला असं समजून तो खाणं सोडून धावतो. ढोलीजवळ जायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. फोटो कुठेही टाकण्याआधी त्यातली जागेची नोंद काढून टाका आणि फक्त 'सातपुडा' एवढंच लिहा. अंधश्रद्धेपायी घुबडं पकडणारे लोक अजूनही आहेत.

वनखात्याची परवानगी शिबिराने काढलेली असते, पण तुम्ही स्वतः तिची प्रत पाहून घ्या. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात सहल जाणार असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आत शिरायला परवाना लागतो. ड्रोन नेऊच नका. पहाटे एकटं दरीत उतरू नका, या डोंगरात बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत. स्थानिक वाटाड्या सोबत घ्या आणि त्याची मजुरी आधीच ठरवा. प्राणी जवळ यावेत म्हणून उष्टं-खरकटं रानाच्या कडेला टाकणं हा तर गुन्हाच समजा. माणसांची आणि त्या अन्नाची सवय लागलेला प्राणी पुढे गावकऱ्यांना भारी पडतो.

देखाव्यांसाठी फार काही लागत नाही. यशवंत तलावावर पहाटे धुकं असतं, ते सूर्य वर आल्यावर भराभर विरतं, तेव्हा आधीच जागा ठरवून ठेवा. सीताखाई दरीच्या कड्यावर संध्याकाळचं तिरपं ऊन चांगलं, दुपारी मात्र सगळं फिकं पडतं. कड्यावर मुलं सोबत असतील तर कॅमेरा बॅगेतच राहू द्या, तिथे तुमचे दोन्ही डोळे मुलांवर हवेत.

पाड्यावरच्या पावरा किंवा भिल्ल घरांसमोर उभं राहून आधी बोला, पाणी मागा, मग विचारून फोटो घ्या. आजी नको म्हणाली तर विषय संपला. छापील प्रत देतो असं म्हटलंत तर पत्ता लिहून घ्यायची वही खिशात हवी आणि प्रत खरोखर पोहोचायला हवी. शिबिरातल्या मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय बाहेर द्यायचे नाहीत, ते शिबिरप्रमुखांकडेच द्या. दोन मेमरी कार्डं न्या, आणि रोज रात्री भांडी झाली की फोटो दुसऱ्या ठिकाणी उतरवूनच झोपा.