शिव-शक्ती शेजघरात आणताना या चुका टाळा

लग्नाला अकरा वर्षं झालेलं एक जोडपं माझ्याकडे समुपदेशनाला आलं होतं. नवऱ्याने मोबाईलवर बघून ‘तांत्रिक मीलना’चा २१ दिवसांचा कार्यक्रम घरी सुरू केला होता. समई, चंदनाचा धूप, समोरासमोर मांडी घालून दहा मिनिटं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. तिसऱ्या रात्री बायकोला रडू फुटलं. त्याला वाटलं, आत साठलेली काहीतरी ऊर्जा मोकळी झाली. ती माझ्यासमोर म्हणाली, “आठ महिने याने माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. आता मोबाईलने सांगितलं म्हणून बघतोय.”

शरीरसंबंधाला पवित्र मानणारी आपल्याकडची परंपरा मला मनापासून प्रिय आहे. मूळ ग्रंथ मी पुन्हा पुन्हा वाचत आले आहे, आणि म्हणूनच तिच्या नावाने घरात जे बिघडतं ते बघवत नाही. बिघाड बहुतेक वेळा ठरावीक जागीच सापडतो.

विश्वासाआधी विधी

वात्स्यायनाच्या कामसूत्रात, तिसऱ्या अधिकरणात (विभागात), नवविवाहितांसाठी ‘कन्याविस्रंभण’ असा भाग आहे. विस्रंभ म्हणजे निर्धास्त विश्वास. पहिल्या तीन रात्री दोघांनी जमिनीवर झोपायचं, अळणी जेवायचं, संबंध ठेवायचा नाही. पुढचा आठवडा वाद्यांच्या साथीने मंगलस्नान, नटणं, एकत्र जेवण, नाटक-खेळ बघणं, नातेवाइकांचा मानपान. त्यानंतर एकांत, आणि तोही हळुवार. तिचा विश्वास बसेपर्यंत ब्रह्मचर्य मोडायचं नाही. कारणही तो देतो. स्त्रिया फुलांसारख्या असतात, विश्वास बसायच्या आत बळजबरी झाली तर त्यांना त्या संबंधाचाच तिटकारा येतो. हा ग्रंथ पुरुषांच्या जगात लिहिलेला आहे आणि त्यातलं बरंच काही आज मुळीच स्वीकारण्याजोगं नाही. पण हे एक निरीक्षण मी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षानुवर्षं खरं ठरताना बघते आहे.

त्या जोडप्याला मी सगळा कार्यक्रम थांबवायला सांगितला. महिनाभर संबंधाचा विषय काढायचा नाही. रात्रीचं स्वयंपाकघर दोघांनी मिळून आवरायचं आणि वीस मिनिटं बोलायचं. मुलांची शाळा, घराचे हप्ते, सासूबाईंची औषधं हे विषय सोडून. पहिला आठवडा त्यांना बोलायला काही सुचेना. दुसऱ्या आठवड्यात कळलं की आठ महिन्यांपूर्वी त्याची नोकरी धोक्यात आली होती, त्याने ते घरी सांगितलंच नव्हतं, आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तिने ‘मी आता याला आवडत नाही’ असा लावला होता.

वात्स्यायन कामाची व्याख्या करतो ती अशी: कान, त्वचा, डोळे, जीभ आणि नाक ही इंद्रियं, आत्म्याशी जोडलेल्या मनाच्या आधाराने, आपापल्या विषयात अनुकूलपणे रमतात तो काम. यादीत कान पहिला आहे. शास्त्रात पंचेंद्रियांचा हा क्रम ठरलेलाच असतो, तरी मला तो इथे मोलाचा वाटतो. ज्या घरात एकमेकांचं ऐकलं जात नाही, तिथे स्पर्शाचे धडे उपयोगी पडत नाहीत.

कामसूत्र म्हणजे आसनांचं पुस्तक, हा समज

सात अधिकरणं, ३६ अध्याय. त्यात आसनांना वाहिलेला अध्याय एक. बाकीच्या अध्यायांत घर कसं ठेवावं, मैत्री, कला, लग्न, संसार असं बरंच काही. १८८३ साली रिचर्ड बर्टन आणि आर्बथनॉट यांनी ते इंग्रजीत छापलं (या कामात मुंबईचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा मोठा हात होता) आणि पुढे जगभर त्याची नुसती चित्रांची पुस्तकं निघत राहिली. तीच बघून जोडपी स्वतःला परीक्षेला बसवतात. खुद्द वात्स्यायन म्हणतो की माणसाचा रस मंद असतो तोवरच शास्त्राची गरज. रतीचं चक्र एकदा फिरू लागलं की शास्त्र नाही आणि क्रमही नाही. पाठ, कंबर किंवा गुडघा दुखत असेल तर उशी घ्या आणि सोपं ते करा.

तंत्र म्हणजे लांबवलेला संभोग, हाही समज

काश्मिरी शैव आचार्य अभिनवगुप्ताच्या तंत्रालोक या ग्रंथात ३७ आह्निकं (प्रकरणं) आहेत. शरीरसंबंधाचा विधी येतो तो २९व्यात, आणि तो दीक्षा घेतलेल्या, अधिकार असलेल्या साधकांसाठी. उरलेल्या ग्रंथात मंत्र, श्वास, काळ, दीक्षा, चैतन्याचं स्वरूप. आज कार्यशाळांतून शिकवलं जातं ते विसाव्या शतकातलं मिश्रण आहे: थोडं तंत्र, थोडी पाश्चात्त्य मानसोपचारपद्धती, थोडा मसाज. त्यातून कुणाला आनंद मिळत असेल तर तो खोटा नाही. फक्त त्याला ‘पाच हजार वर्षांचं गुपित’ म्हणून विकलं जातं, तेव्हा सावध व्हावं.

मला स्वतःला विज्ञानभैरव हा शैव तंत्रग्रंथ फार जवळचा वाटतो. त्यातल्या ११२ धारणांपैकी (मन एकाग्र करण्याच्या रीतींपैकी) मोजक्याच मीलनाच्या आहेत, आणि त्यांच्या लगेच पुढे काय येतं ते बघा: फार दिवसांनी आप्त भेटल्यावर होणारा आनंद, खाण्यापिण्यातून फुलणारा उल्हास, गाण्यात रंगून जाणं. या प्रत्येक वेळी उसळलेल्या आनंदावर मन स्थिर करायचं. म्हणजे शेजेवरचं सुख इथे वेगळ्या, गूढ खोलीत ठेवलेलं नाही. ते मावशी अचानक दारात उभी राहिल्यावर होणाऱ्या आनंदाच्या पंगतीत बसलं आहे. घरी काही करून बघायचंच असेल तर हे करा: दोघांनी मिळून एक आंबा सावकाश खा, घड्याळ न लावता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. अनेकांना हे डोळ्यांत बघत बसण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं.

‘तू शक्ती आहेस ना, मग?’

ही चूक मला सगळ्यांत जास्त सलते. देवीचं नाव घेऊन बायकोचा नकार मोडून काढणं. “तू शक्ती आहेस, तुझ्यात ती ऊर्जा आहेच, तुला नको कसं वाटतं?” उलट बाजूही आहे: नवरा घाबरलेला असतो, खचलेला असतो, आणि त्याला सांगितलं जातं की तू शिव, तू अचल राहायचंस. दोघांच्या अंगावर देवाचे मुखवटे चढतात आणि माणसं आत गुदमरतात.

शिव-शक्ती समजून घ्यायचे असतील तर मराठी माणसाने दूर जाण्याची गरजच नाही. ज्ञानदेवांच्या अमृतानुभवाचं पहिलं प्रकरण त्या देवोदेवींच्या वंदनाचं आहे, आणि ते प्रेमकाव्य म्हणूनही वाचता येतं. प्रियकरच तिथे प्राणेश्वरी झाला आहे. मग कोण पुरुष आणि कोण स्त्री, अशी कायमची वाटणी उरतेच कुठे? प्रेमाच्या वेगात ती दोघं एकमेकांना गिळून टाकतात, आणि दोनपणाची आवड म्हणून पुन्हा वेगळी होतात. त्यांच्या घरात माणसं दोनच. स्वामी निजला की दांपत्यपण सांभाळत स्वामिनी जागी असते.

मी जोडप्यांना या दोनपणाकडे बघायला सांगते. एक होण्यात गोडी आहे कारण ती दोघं दोन आहेत. समोरच्याचं ‘आज नको’ हे त्या दोनपणाचंच बोलणं आहे. ते शांतपणे, तोंड न पाडता ऐकता येतं का, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. नकार ऐकल्यावर पाठ फिरवून झोपायची सवय असेल तर ती आधी सोडा; हात हातात ठेवून झोपा.

वीर्य गेलं तर ओज गेलं, ही भीती

लग्न ठरलेले तरुण, आणि चाळिशीतले पुरुषही, ही भीती मनात ठेवून जगतात. ‘धात जाते’, अशक्तपणा येतो, साधना वाया जाते. मग कोणी श्वास रोखून, कोणी स्नायू आवळून वीर्य धरायचा प्रयत्न करतो, आणि संबंधात बायको सोबत आहे हेच विसरतो. हठयोगातल्या बिंदुरक्षणाच्या, म्हणजे वीर्य राखण्याच्या, क्रिया साधकांच्या परंपरेतल्या आहेत. त्यांतली वज्रोली (मूत्रमार्गातून द्रव वर ओढण्याची क्रिया) तर व्हिडिओ बघून करून पाहिली तर मूत्रमार्गाला इजा होऊ शकते.

संसारी माणसासाठी आयुर्वेद काय म्हणतो? वाग्भटाने अष्टांगहृदयात शरीराचे तीन आधार सांगितले: आहार, झोप आणि अब्रह्मचर्य. म्हणजे शरीरसंबंध, पण युक्तीने, मर्यादेत. घराला जसे खांब, तसे शरीराला हे तीन. ऋतूप्रमाणे प्रमाणही दिलं आहे: हेमंतात इच्छेनुसार, वसंत-शरदात तीन दिवसांआड, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पंधरवड्याने. आकडे आज पाळायचे नाहीत, पण त्यामागे भीती नाही हे तर दिसतं. आधुनिक वैद्यकाप्रमाणे वीर्य शरीरात सतत तयार होत राहतं. एका वेळी बाहेर पडतं ते साधारण २ ते ५ मिलिलिटर, आणि त्याने शक्ती जात नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं ते अशाच अज्ञानाशी झगडत. एवढ्या वर्षांनंतरही तोच प्रश्न खाली मान घालून विचारला जातो, याचं मला दुःख होतं.

दुखण्याला ‘चक्रातला अडथळा’ म्हणणं

संबंधाच्या वेळी बाईला दुखत असेल तर ते मूलाधार चक्र नाही. कोरडेपणा, जंतुसंसर्ग, बाळंतपणातले टाके, स्तनपानाचे किंवा रजोनिवृत्तीचे बदल, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), भीतीने आवळले जाणारे स्नायू, यांपैकी काहीही असू शकतं आणि बहुतेकांवर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. ‘सहन कर, मोकळं होईल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पुरुषाच्या ताठरतेची अडचण काही आठवडे टिकली तर साखर आणि रक्तदाब तपासा. हृदयविकाराच्या आधी काही वर्षं ही खूण दिसू शकते. ‘शुद्ध शिलाजित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या परस्पर घेऊ नका. अशा औषधांत चोरून सिल्डेनाफिल (ताठरतेचं औषध) मिसळलेलं सापडलं आहे, आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याच्या जिवावर ते बेतू शकतं. नैराश्याच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते, पण त्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा.

गुरू निवडताना

एकट्याने या, जोडीदाराला सांगू नका, कपडे काढणं हा दीक्षेचा भाग आहे, फोटो किंवा चित्रफीत साधनेसाठी लागते, नकार म्हणजे तुमचा अहंकार: यांतलं एक वाक्य कानावर पडलं तरी, पैसे भरलेले असले तरी, तिथून उठून या. चित्रफितीवरून कोणी पैसे मागत धमकावत असेल तर एक रुपयाही देऊ नका. संदेश पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी सांगा.